उलाळ गाडी आणि शेपटीचे चाक

बैलगाडीच्या भाराविषयी मराठीत दोन फार नेमके शब्द आहेत. आखाच्या मागे वजन जास्त झाले, जू वर उचलले जाऊ लागले, की गाडी ‘उलाळ’ झाली म्हणतात. पुढे वजन जास्त झाले, बैलांच्या मानेवर ओझे आले, की ती ‘धुरजड’ झाली. मोहोळच्या बाजारात कडब्याने भरलेली गाडी आता क्वचितच दिसते. उसाच्या ट्रॉल्या मात्र गळीत हंगामभर महामार्ग अडवून असतात, आणि ट्रॉली भरणाऱ्या टोळीतली वडीलधारी माणसे अजूनही हे दोन्ही शब्द वापरतात. आमच्या वर्गातील मुलांपैकी मात्र फार थोड्यांना ते ठाऊक असतात. ‘कृषिजीवनातील शब्दसंपदा’ असा प्रश्न परीक्षेत आला की पाठ करून लिहायचे शब्द, एवढेच त्यांचे आता स्थान.

या दोन शब्दांची आठवण मला एका अगदी अनपेक्षित प्रसंगी झाली. आमचा एक जुना विद्यार्थी, ज्याच्या वडिलांचे ट्रॉली आणि नांगर दुरुस्त करण्याचे वर्कशॉप आहे, एका संध्याकाळी कागदांची गुंडाळी घेऊन घरी आला. मराठी घेऊन बी. ए. झालेला हा मुलगा एका लहान, दोन माणसांच्या विमानाचे आराखडे घेऊन आला होता. अशा विमानांचे आराखडे परदेशात विकत मिळतात आणि हौशी माणसे ती आपल्या गॅरेजमध्ये बांधतात, हे मला त्या दिवशी समजले. त्याची अडचण इंग्रजीची होती. “सर, यात लिहिलंय की शेपटीचं चाक कोणतं बसवायचं ते बांधणाऱ्यानं ठरवावं. चार प्रकार दिलेत. यातलं ‘फुल स्विव्हल’ म्हणजे काय?” मला अर्थातच सांगता आले नाही. मराठीच्या प्राध्यापकाला ते सांगता येणे अपेक्षितही नसावे. पण पुढे काही महिने या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आणि वाचता वाचता तो मला मोहोळपासून कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यापर्यंत, आणि तेथून जर्मनीतल्या गटिंगेनपर्यंत घेऊन गेला. ही हकीकत साहित्याच्या अभ्यासकांसमोर मांडण्याचे कारण पुढे येईलच.

आधी मूळ प्रश्न. जमिनीवर उभ्या असलेल्या लहान विमानाला तीन चाके असतात. दोन मोठी चाके पंखांच्या आसपास असतात. ती भार वाहतात. तिसरे चाक कोठे असावे, यावर विमानांचे दोन वंश पडतात. ते शेपटीखाली असेल तर विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे ठेवावा लागतो. अन्यथा शेपूट खाली बसणारच नाही. म्हणजे हे विमान जाणूनबुजून उलाळ ठेवलेले असते. तिसरे चाक नाकाखाली असेल तर गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे, म्हणजे विमान धुरजड. या शब्दांनी जे काम एका वाक्यात होते, त्यासाठी इंग्रजी पुस्तकाला एक परिच्छेद आणि एक आकृती खर्च करावी लागते, हे मी थोड्या अभिमानाने नोंदवतो.

उलाळपणाची किंमत असते. हातगाडी ओढत नेली तर ती सरळ मागे येते. ढकलत नेली तर जरा दगड लागताच वळू पाहते. उलाळ विमान धावपट्टीवर वेगात असताना किंचित तिरके झाले, तर मागे असलेले वजन त्याच दिशेने पुढे रेटत राहते आणि वळण वाढतच जाते. वेळीच पायाने सुकाणू दाबले नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेते, पंखाचे टोक जमिनीला लागते, चाकाचा पाय मोडतो. धुरजड विमानात नेमके उलट घडते. वजन पुढे असल्यामुळे ते विमानाला ओढून सरळ करते. तेव्हा धुरजड चांगले आणि उलाळ वाईट, असा निकाल कोणीही देईल. पण नाकाखालचा पाय लांब, जड आणि नाजूक असतो. खड्ड्यात सापडला की तोच आधी मोडतो, आणि तो मोडला की पंख्याची पातीही जातात. शेपटीखालचे चाक मात्र लहान, हलके असते, उड्डाणात हवेला फारसे अडवत नाही, आणि नाक वर असल्यामुळे पंख्याची पाती दगडधोंड्यांपासून उंच राहतात. ज्याला खडबडीत माळावर उतरायचे आहे तो आजही उलाळ विमान पत्करतो. अमेरिकेतील व्हॅन यांच्या कारखान्यातून हौशी बांधणाऱ्यांसाठी जे संच मिळतात, त्यांतील काही विमाने दोन्ही रूपांत मिळतात. नावापुढे ‘ए’ हे अक्षर असले की नाकाखाली चाक, नसले की शेपटीखाली. एकाच देहाच्या दोन चाली.

येथवर येईपर्यंत माझ्या मनात एक वेगळाच प्रश्न उभा राहिला होता. आपल्या वाङ्मयातील विमानांना चाके का नाहीत?

मोहोळच्या शेजारचाच तालुका पंढरपूर. या परिसरात तुकोबांच्या वैकुंठगमनाचे चित्र नाही असे घर सापडणे अवघड. प्रभात कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये ते विमान गरुडाच्या रूपाने पडद्यावर आले आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत ते तसेच राहिले. रामायणातले पुष्पक तर आपल्या विमानकल्पनेचे मूळपीठ. ही विमाने येतात, थांबतात, घेऊन जातात. ती जमिनीला कशी टेकतात, टेकल्यावर किती अंतर घसरत जातात, वारा आडवा असला तर काय होते, हे कोणी विचारत नाही आणि विचारूही नये, कारण तेथे विमान हे कृपेचे रूप आहे, यंत्र नव्हे. श्रद्धेच्या प्रदेशात हे सर्वस्वी योग्यच. घोटाळा होतो तो या प्रदेशातला प्रवासी इतिहासाच्या प्रदेशात परवान्याविना शिरतो तेव्हा.

शिवकर बापूजी तळपदे यांची कथा ही अशा प्रवेशाची सर्वांत प्रसिद्ध नोंद. १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर तळपद्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान उडवले, ते पंधराशे फूट वर गेले आणि खाली कोसळले, असे सांगितले जाते. प्रेक्षकांत न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड होते, असेही सांगितले जाते. तळपदे ही खरीखुरी व्यक्ती होती, मुंबईच्या कलाशाळेशी त्यांचा संबंध होता आणि प्राचीन विमानविद्येचा त्यांना ध्यास होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण उड्डाणाच्या कथेला समकालीन विश्वसनीय पुरावा सापडत नाही. या कथेच्या पाठीशी ज्या ग्रंथाचे बळ उभे केले जाते, त्या ‘वैमानिक शास्त्रा’ची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये या विषयावर व्याख्यान झाले आणि त्याच महिन्यात तळपद्यांवरचा हिंदी चित्रपटही आला.

या कथेच्या सत्यासत्यतेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. मला फक्त वर्कशॉपमधल्या मुलाचा प्रश्न तिला विचारावासा वाटतो: ते विमान वाळूवर कशावर उभे होते? चाके होती, की घसरपट्ट्या? चौपाटीच्या मऊ वाळूत चाके रुतली असती, मग धाव कशी घेतली? राईट बंधूंचे १९०३ चे विमान चाकांवाचून होते, हे खरे. पण ते वाळूवर अंथरलेल्या लाकडी रुळावरून धावले, रुळाची लांबी साठ फूट होती आणि विमानाखालच्या लहान गाड्याला सायकलच्या चाकांची तुंबे वापरली होती, एवढा तपशील आपल्यापाशी आहे. दंतकथेला उंची ठाऊक असते, प्रेक्षकांची नावे ठाऊक असतात. जमीन ठाऊक नसते. ऐतिहासिक कादंबऱ्या तपासताना आपण विद्यार्थ्यांना हेच शिकवतो, की तपशील कोठे दाट आहे आणि कोठे विरळ, ते पाहा.

आता ज्याची जमीन ठाऊक आहे अशा इतिहासाकडे वळू. तो सोलापुरातून सुरू होतो, हे मला या शोधाआधी फारसे जाणवले नव्हते. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२ चा. जहाज, मोटार आणि विमान या तिन्ही उद्योगांचा भारतीय पाया घालणारा हा माणूस. त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सोलापुरात आहे, आणि आमचे कितीतरी विद्यार्थी तेथील विद्यार्थ्यांचे भाऊ-बहीण आहेत. पण त्यांतल्या एकालाही वालचंदांनी विमानाचा कारखाना काढला होता हे सांगता आले नाही. १९३९ साली पॅसिफिक महासागरावरून जाणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी पडली. त्या ओळखीतून, म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने, डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरास ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तेथे हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान जोडून उडवले गेले. १९४२ मध्ये युद्धाच्या निकडीने सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि त्यांचा या उद्योगाशी संबंध संपला. जोडणी परक्या विमानांची होती. स्वतःच्या आराखड्याचे विमान अजून व्हायचे होते.

ते ज्यांनी केले ते विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज भागातले हसूरचंपू हे गाव. आधुनिक वायुगतिकीचे जनक मानले जाणारे लुडविग प्रान्टल यांच्याकडे गटिंगेनला त्यांनी डॉक्टरेट केली. प्रान्टल यांचे ते पहिले भारतीय विद्यार्थी. परत आल्यावर बंगळूरच्या विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचे अध्यापन उभे करण्यात त्यांचा वाटा होता आणि नव्या कारखान्यातील आराखड्यांचे कामही त्यांच्याकडे आले. युद्धकाळात त्यांनी सैनिक वाहून नेणारे एक ग्लायडर आखले. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली जे विमान तयार झाले ते ‘एचटी-२’, स्वतंत्र भारतात आखलेले आणि बांधलेले पहिले शक्तिचलित विमान. ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडाले. दोन आसने एकामागे एक, पंखांचा विस्तार साधारण पावणेअकरा मीटर, लांबी साडेसात मीटर, पुढे उत्पादनात आलेल्या विमानाला १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन. खालच्या बाजूला दोन स्थिर चाके, आणि शेपटीखाली एक लहान चाक.

म्हणजे घाटग्यांचे विमान उलाळ होते. १९५० च्या सुमारास प्राथमिक प्रशिक्षणाचे विमान तसेच असणे ही जगाची रीत होती. ब्रिटनचे प्रेंटिस, कॅनडाचे चिपमंक, दोन्ही उलाळ. प्रेंटिस तर याच बंगळूरच्या कारखान्यात परवान्याने बांधले जात होते. पण रीतीपलीकडे त्यात अर्थ होता. त्या काळची लढाऊ आणि वाहतूक करणारी पुष्कळ विमाने शेपटीच्या चाकाचीच होती. ज्याला उद्या डाकोटा उतरवायचे आहे त्याच्या पायांना आजच उलाळ गाडी सांभाळण्याची सवय हवी. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या गावी परत जात. सुरुवातीच्या काळातली ती विमाने डाकोटाच होती. नागपूरच्या अंधाऱ्या धावपट्टीवर, थंडीच्या धुक्यात, शेपटीचे चाक टेकेपर्यंत वैमानिकाच्या पायांना उसंत नसे.

एचटी-२ ने भारतीय हवाई दलात ज्याची जागा घेतली ते टायगर मॉथ मात्र आणखी जुन्या पिढीचे. त्याच्या शेपटीखाली चाक नव्हतेच. होती एक लोखंडी टाच, जमिनीवर घासत जाणारी. येथे माझ्या विद्यार्थ्याच्या चार प्रकारांचा इतिहास उलगडू लागतो, आणि तो मला फार लोभस वाटला, कारण हा सारा इतिहास जमिनीचा आहे.

पहिल्या पिढीतील विमानतळ म्हणजे गवताचे गोल मैदान. धावपट्टी नावाची वस्तूच नव्हती. वारा ज्या दिशेने येईल तिकडे तोंड करून उतरायचे. चाकांना ब्रेक नसत. अशा वेळी शेपटीची टाच जमिनीत फाळासारखी रुतून विमान थांबवत असे आणि मागून धरून ठेवल्यामुळे ते सरळही राहत असे. पहिल्या महायुद्धातील बहुतेक विमाने अशी आपल्या शेपटीने गवत नांगरत उतरली. गंमत अशी, की १९०९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओच्या विमानाला शेपटीखाली चक्क चाक होते आणि त्याच सुमाराच्या कर्टिसच्या विमानाला नाकाखाली. म्हणजे तिन्ही कल्पना आरंभापासून उपलब्ध होत्या. कोणती टिकली ते जमिनीने ठरवले. वाङ्मयप्रकारांच्या उत्क्रांतीविषयी बोलताना आपण ‘आधी हे, मग ते’ असे जे सरळ जिने रचतो, त्यांच्याविषयी यामुळे माझ्या मनात थोडी शंका निर्माण झाली आहे, एवढे जाता जाता सांगतो.

आपल्याकडे जुहूचे मैदान १९२८ पासूनचे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणले ते याच मातीवर. पावसाळ्यात हे मैदान पाण्याखाली जाई आणि टाटांच्या विमानांना पुण्याला, येरवड्याला बिऱ्हाड हलवावे लागे. पुढे डांबराच्या आणि सिमेंटच्या धावपट्ट्या आल्या, चाकांना ब्रेक आले आणि लोखंडी टाच निरुपयोगी, किंबहुना घातक ठरली. डांबरावर ती रुतत नाही, ठिणग्या उडवत घसरते. तिच्या जागी चाक आले.

पण चाक आल्याबरोबर नवा प्रश्न आला: ते वळू द्यायचे की नाही? कार्यालयातील खुर्चीला किंवा दवाखान्यातल्या ढकलगाडीला असते तसे सर्व बाजूंना मोकळे फिरणारे चाक बसवले, तर विमान जागच्या जागी वळवता येते, ढकलून छपरात ठेवता येते. पण धावताना शेपटीला कोणताच लगाम राहत नाही, डाव्या-उजव्या ब्रेकांवरच सारी भिस्त. हाच तो ‘फुल स्विव्हल’. दुसरा प्रकार त्याचाच, पण कुलपाचा: धाव घेताना आणि उतरताना चाक सरळ रेषेत अडकवून टाकायचे, हळू चालताना सोडायचे. डाकोटाचे चाक असे होते. जड विमानाला, लांब धावपट्टीला हे उत्तम. लहान विमानात मात्र कुलूप विसरणारा वैमानिक आणि कुलपाचा मोडणारा खटका, अशा दोन काळज्या वाढतात. तिसरा प्रकार सुकाणूला जोडलेला: पायाने सुकाणू वळवले की दोन लहान स्प्रिंगांच्या द्वारे चाकही वळते. हवेचा झोत मंदावला, सुकाणूची पकड सुटली, की हे चाक त्याचे काम हाती घेते. याची मर्यादा अशी, की फार आखूड वळण घेता येत नाही. चौथा प्रकार या दोहोंचा मेळ: ठरावीक कोनापर्यंत सुकाणूच्या आज्ञेत, त्यापलीकडे आतला खटका सुटून मोकळे. स्कॉट आणि मौल या अमेरिकी नावांची चाके या प्रकारासाठी प्रसिद्ध आहेत.

आमच्या मुलाने चौथा निवडावा, असे मलाही कळू शकले. पण निवड तेवढ्यावर संपत नाही. चाक भरीव रबराचे असावे की हवेचे? सोलापूर जिल्ह्याची जमीन दोन टोकांची: नदीकाठी काळी, चिकट, पावसात घोट्यापर्यंत रुतवणारी, माळावर मुरमाड, धारदार खड्यांची. लहान भरीव चाक मुरमावर टिकते, काळ्या रानात मात्र कापत खाली जाते. मोठे हवेचे चाक रानात तरंगते, पण ते जड असते आणि बाभळीचा एक काटा त्याला पुरतो. ‘जड’ म्हणजे एक-दोन किलोंचीच गोष्ट. परंतु शेपटीकडचा एक किलो म्हणजे एक किलो नव्हे. गुरुत्वमध्यापासून शेपूट साडेचार मीटर मागे असेल आणि इंजिन दीड मीटर पुढे, तर शेपटीतला एक वाढीव किलो तोलण्यासाठी इंजिनाकडे तीन किलो घालावे लागतात. जमिनीवरचा उलाळपणा हवा असतो. हवेतला उलाळपणा जीवघेणा असतो. शेपूट जड झालेले विमान नाक वर करून वेग हरवते आणि मग ते सावरता येत नाही.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. हे चाक पोलादी कमानपाट्याच्या टोकाला बसवतात. पाटा वर्षानुवर्षे भार झेलून बसला, सपाट झाला, की चाकाच्या उभ्या खुंटीचा कोन बदलतो आणि उतरताना चाक वेड्यासारखे थरथरू लागते. सारी शेपूट हादरते. ट्रॉलीच्या पाट्यांशी ज्याचे आयुष्य गेले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मी सांगू लागलो तेव्हा मुलाचे वडील नुसते हसले.

घाटगे चाकांच्या बाबतीत काळाबरोबर पुढे गेले. १९५८ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली ‘पुष्पक’ उडाले. वरच्या बाजूला पंख, कापडाने मढवलेला देह, शेजारी-शेजारी दोन आसने, नव्वद अश्वशक्ती, आणि शेपटीचे चाक. दीडशेच्या आसपास पुष्पके बांधली गेली व देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वाटली गेली. नाव पुराणातले, पण या पुष्पकाची जमीन अगदी पक्की होती. ते शेपूट टेकवून क्लबच्या गवतावर उभे राही आणि कापड फाटले की त्याला ठिगळ लावावे लागे. १९६४ मध्ये उडालेले त्यांचे जेट प्रशिक्षण विमान ‘किरण’ मात्र नाकाखालच्या चाकाचे. एचटी-२ ची जागा पुढे ज्या एचपीटी-३२ ने घेतली तेही नाकाखालच्या चाकाचेच. जगातही तोवर हेच झाले होते. १९५६ मध्ये आलेले सेस्ना १७२ हे आधीच्या शेपटीच्या चाकाच्या सेस्नाचेच धुरजड रूप, आणि ते इतके खपले की विमान म्हणजे असेच, असे एका पिढीला वाटू लागले. २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला जाणारी विमानसेवा सुरू झाली. तिचे विमान पाहायला गेलेल्या मुलांना शेपटीखाली चाक असू शकते, ही कल्पनाच विचित्र वाटेल.

घाटग्यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. तळपद्यांची गोष्ट माहीत नसलेला मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. घाटग्यांचे नाव ऐकलेला, आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात, एकही निघाला नाही. मी स्वतःही त्यांतच होतो. याचे खापर केवळ राजकीय अस्मितेवर फोडून मोकळे होणे सोपे आहे, पण ते मला पुरेसे वाटत नाही. तळपद्यांच्या कथेला नाट्य आहे: एकाकी प्रतिभावंत, परकी सत्ता, गमावलेली विद्या, कोसळणारे विमान. शोकात्मिकेची सारी सामग्री तेथे तयार आहे. घाटग्यांच्या चरित्रात आहे काय? कोष्टके, वाऱ्याचे बोगदे, सरकारी मंजुरी, पुन्हा कोष्टके. आणि विमान उडते, उतरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उडते. यशस्वी यंत्राची कथा सांगण्याचे कसब मराठी गद्याने फारसे कमावलेले नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. आपल्या चरित्रवाङ्मयात त्याग आणि पराभव यांना जेवढी भाषा आहे, तेवढी कमानपाट्याला नाही.

तशी भाषा नसल्याचा परिणाम केवळ वाङ्मयीन नसतो. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांचे विमान २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी व्हायला २०१७ साल उजाडले, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. यादव स्वतः प्रशिक्षित वैमानिक. यंत्राची आणि नियमांची इंग्रजी त्यांना खुली होती. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची रात्री चाचणी घेत असता, शेपटीकडच्या पंख्याचे पाते तुटून झालेल्या अपघातात दगावला. वृत्तपत्रांनी त्याच्या जिद्दीवर लिहिले, ‘थ्री इडियट्स’ची आठवण काढली. पाते का तुटले, शेपटीकडच्या भागावर किती भार येतो, तो जमिनीवर कसा तपासावा, याविषयी मराठीत चार ओळी कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात आले नाही. त्याच्यासारखी वर्कशॉपे सोलापूर रस्त्यावर ओळीने आहेत.

म्हणून त्या संध्याकाळनंतर मी आणि तो मुलगा मिळून त्याच्या आराखड्यातील शेपटीच्या चाकाचे प्रकरण मराठीत उतरवू लागलो. ‘पुच्छचक्र’ हा माझा प्रस्ताव त्याने विनम्रपणे नाकारला; ‘शेपटीचं चाक’ राहिले. ‘ग्राउंड लूप’ला ‘गिरकी’ मिळाली, ‘लीफ स्प्रिंग’ला ‘पाटा’ आधीच होता. अडले ते वजनाच्या तोलाच्या पानावर, आणि तेथे वडिलांनी तो शब्द उच्चारला. आराखड्याचा कागद हातात घेऊन, चष्मा कपाळावर सारून, ते चाकांमधली अंतरे बोटांनी मोजत होते.

“म्हणजे ही गाडी उलाळच ठेवायची म्हणता?”

होय म्हटले.

“मग किती उलाळ, ते कुठं लिहिलंय?”

मुलाने पान उलटून दाखवले. विमान तीन चाकांवर उभे असताना शेपटीवर साधारण दहावा हिस्सा, किंवा त्याहून थोडा कमी. चारशे किलोच्या विमानात पस्तीस-चाळीस किलो. वडिलांनी कोपऱ्यातल्या मोकळ्या ट्रॉलीकडे पाहिले, तिच्या दांड्याखालचा टेकू काढला, दांडा दोन्ही हातांनी तोलून धरला आणि कितीतरी वेळ काही न बोलता तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “तराजू आण.”